चिकन, बिअर आणि बंद पडणारी दुकानं : कोरियातल्या 'चिमेक'चा विषय नेमका काय आहे?

३० ऑक्टोबर २०२५ची संध्याकाळ. सेऊलच्या गंगनम भागातलं एक साधं फ्राइड चिकनचं दुकान. काचेच्या खिडकीशेजारच्या टेबलावर तीन जण बसलेत, समोर चिकनच्या प्लेट आणि बिअरचे ग्लास. बाहेर रस्त्यावर मात्र एवढी गर्दी, की पोलिसांना बंदोबस्त लावावा लागला.

त्या तिघांपैकी एक होते जेन्सन हुआंग, म्हणजे एनव्हिडियाचे प्रमुख. आदल्याच दिवशी त्यांच्या कंपनीचं बाजारमूल्य ५ ट्रिलियन डॉलरच्या पलीकडे गेलं होतं. दुसरे सॅमसंगचे ली जे-योंग आणि तिसरे ह्युंदाईचे चुंग युई-सन. तिघांनी चिकन खाल्लं, बिअर प्यायली, हातात हात अडकवून ग्लास रिकामे केले आणि आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांसोबत फोटोही काढले. दुसऱ्या दिवशी घोषणा झाली, की एनव्हिडिया दक्षिण कोरियाला एआयसाठी लागणाऱ्या २ लाख ६० हजारांहून जास्त चिप देणार.

दुकानाचं नाव होतं 'कानबू चिकन'. कानबू म्हणजे जिगरी दोस्त, लहानपणी गोट्या खेळताना आपल्या गोट्या ज्याच्यासोबत वाटून घ्यायच्या तो भागीदार. 'स्क्विड गेम' पाहिलेल्यांना हा शब्द आठवत असेल. तीन कंपन्यांच्या दोस्तीचा फोटो काढायला याहून चांगलं नाव मिळालं नसतं, त्यामुळे जागा सहज निवडली असेल असं समजण्याचं कारण नाही. पण शेअर बाजारात गंमत झाली ती वेगळीच. कानबू चिकन बाजारात नोंदणीकृतच नाही, म्हणून लोकांनी दुसऱ्याच चिकन कंपन्यांचे शेअर उचलले. चिकन तळणारा रोबो बनवणाऱ्या कंपनीचाही शेअर वर गेला.

हे सगळं वाचून वाटेल, की कोरियात चिकनचा धंदा करणाऱ्यांची चांदी आहे. खरं चित्र बरंचसं उलटं आहे.

आधी 'चिमेक' म्हणजे काय ते पाहू

कोरियन भाषेत फ्राइड चिकनला म्हणतात 'चिकिन' आणि बिअरला 'मेक्चू'. दोन्हीची पहिली अक्षरं जोडली, की 'चिमेक'. हा शब्द इतका रुळला, की २०२१मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीनं तो आपल्या कोशात घेतला.

आपल्याकडे दारूसोबत चखणा असतो, तसा कोरियात 'आंजू' असतो. नुसती दारू पिणं तिथे बरं समजत नाहीत, सोबत काहीतरी खायला हवंच. चिमेक हा त्याच आंजूचा एक प्रकार. फरक एवढाच, की आपल्याकडे चखणा हे तोंडी लावणं असतं, इथे अख्खी कोंबडी येते.

आता ही कोंबडी वेगळी कशी? एक म्हणजे ती दोनदा तळतात. पहिल्यांदा तळून काढायची, जरा थांबायचं, मग पुन्हा तेलात सोडायची. पहिल्या तळणीत आतलं मांस शिजतं. मधल्या वेळात आतला ओलावा वरच्या थरात येतो आणि दुसऱ्या तळणीत तो उडून जातो. दुसरं म्हणजे वरच्या आवरणात बटाट्याचं किंवा मक्याचं स्टार्च असतं, त्यामुळे कवच पातळ आणि काचेसारखं कडक होतं. अमेरिकन चिकनसारखा जाड, भुसभुशीत थर इथे नसतो. म्हणूनच वरून चिकट सॉस लावला तरी चिकन लगेच मऊ पडत नाही. डब्यात भरून अर्ध्या तासानं घरी पोहोचलं तरी कुरकुरीत राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा डिलिव्हरीचा धंदा या कुरकुरीतपणावर उभा आहे.

तिसरं, कोंबडी लहान असते. कोरियात साधारण महिनाभराची, दीड किलोच्या आसपासची कोंबडी कापतात. साफ केल्यावर ती किलोभर भरते. सोबत व्हिनेगर-साखरेत मुरवलेले मुळ्याचे पांढरे चौकोनी तुकडे येतात. तळकट खाऊन जीभ जड झाली, की एक तुकडा तोंडात टाकायचा. आणि काय मागवायचं ते ठरत नसेल तर 'बान-बान', म्हणजे अर्धं साधं, अर्धं सॉसवालं.

बिअरबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नका. कास, टेरा या तिथल्या लोकप्रिय बिअर हलक्या आणि पाणचट असतात. २०१२मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'नं दक्षिण कोरियाच्या बिअरपेक्षा उत्तर कोरियाची बरी, असं छापलं होतं आणि ते तिथे फारच झोंबलं होतं. पण तिखट-गोड, तेलकट चिकनसोबत थंडगार हलकी बिअरच जमते, हेही तितकंच खरं.

कोंबडी तळायला तेल कुठून आलं?

फ्राइड चिकन कोरियाचा प्राचीन पदार्थ वगैरे अजिबात नाही. १९६०मध्ये सेऊलच्या म्योंगदोंग भागात विजेच्या भट्टीवर फिरवून भाजलेल्या अख्ख्या कोंबडीचं दुकान सुरू झालं. पगाराच्या दिवशी वडिलांनी घरी आणायची चैन म्हणजे ही कोंबडी. तळायचं म्हटलं तर स्वस्त तेलच नव्हतं. १९७१मध्ये सोयाबीन तेलाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं आणि रस्ता मोकळा झाला. १९७७मध्ये सेऊलच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये 'लिम्स चिकन' सुरू झालं, ही तिथली पहिली फ्राइड चिकन साखळी मानली जाते. केएफसी आली ती थेट १९८४मध्ये.

लाल, चिकट सॉसचं श्रेय बहुतेकदा देगू शहरातल्या युन जोंग-ग्ये यांना दिलं जातं. तळलेलं चिकन गार झालं, की कोरडं पडतं आणि खाणाऱ्याच्या टाळूला टोचतं, ही त्यांची अडचण होती. मिरचीची पेस्ट, लसूण वगैरे घालून ते प्रयोग करत राहिले, पण चव जमेना. शेवटी शेजारच्या एका आजीबाईंनी सुचवलं म्हणून त्यात धान्याचा गोड पाक घातला आणि सॉस जमला, असं ते सांगत. १९८०च्या सुमारास आलेला हा 'यांगन्योम' सॉस पुढे देशभर पसरला. देगूच्या आसपास कुक्कुटपालन आणि कोंबड्या कापणारे कारखाने आधीपासून होतेच. त्यामुळे मोठ्या चिकन ब्रँडपैकी बरेचसे याच भागातून निघाले. सोया-लसणाच्या चवीसाठी प्रसिद्ध असलेल्या क्योचोनचं पहिलं दुकानही १९९१मध्ये देगूजवळच्याच गुमी शहरात उघडलं.

नोकरी गेली, चिकनचं दुकान टाकलं

खरी गोष्ट सुरू होते १९९७मध्ये. आशियाई आर्थिक संकटात कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. बँका बुडाल्या, कंपन्यांनी माणसं काढली. १९९७मध्ये २.६ टक्के असलेली बेरोजगारी पुढच्या वर्षी ७ टक्क्यांवर गेली. आयुष्यभर एकाच कंपनीत राहायचं, या भरवशावर जगलेली चाळिशी-पन्नाशीतली माणसं रस्त्यावर आली. हातात होते ते नोकरी सोडताना मिळालेले पैसे.

या पैशांत काय करता येईल? चिकनचं दुकान. जागा लहान चालते, स्वयंपाक येत नसला तरी चालतं. मसाला, पीठ, कोंबडी, प्रशिक्षण, पाटी, सगळं फ्रँचायजी कंपनी देते. नवरा तळणार, बायको काउंटरवर, मुलगा डिलिव्हरीला.

मुंबईकरांना हे नवं वाटणार नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा गिरणगावातल्या कितीतरी घरांनी वडापावच्या गाडीवर दिवस काढले. कोरियातही तेच झालं, फक्त तिथे गाडीच्या जागी फ्रँचायजीचा करार होता, आणि तो फरक पुढे महागात पडला.

मग आला २००२चा फुटबॉल वर्ल्ड कप. कोरिया आणि जपान सहयजमान, आणि कोरियाचा संघ थेट उपांत्य फेरीत. लाखो लोक लाल टी-शर्ट घालून चौकाचौकांत मॅच बघत होते, घरोघरी टीव्हीसमोर पार्ट्या चालल्या होत्या. दोन हातांनी खाता येईल, पटकन घरी येईल आणि बिअरसोबत जाईल असं काय? चिकन! मॅच आणि चिमेक हे समीकरण तेव्हापासून पक्कं झालं.

बाहेरच्या जगात ते पोहोचवलं मालिकांनी. २०१३-१४मध्ये आलेल्या 'माय लव्ह फ्रॉम द स्टार'ची नायिका पहिल्या बर्फाच्या दिवशी चिकन आणि बिअर हवीच असं म्हणते, आणि चीनमध्ये कोरियन चिकनच्या दुकानांसमोर रांगा लागल्या. मार्च २०१६मध्ये एका चिनी कंपनीचे साडेचार हजार कर्मचारी इंचॉनच्या समुद्रकिनारी एकत्र बसून चिमेक खाऊन गेले. कोरियन सरकारच्या परदेशातल्या सर्वेक्षणांमध्येही किमची किंवा बिबिंबाप यांना मागे टाकून कोरियन चिकन वारंवार पहिल्या क्रमांकावर येतं.

मग दुकानं बंद का पडतात?

केबी फायनान्शियल ग्रुपच्या २०१९च्या अहवालानुसार कोरियात तेव्हा सुमारे ८७ हजार चिकनची दुकानं होती. मॅकडॉनल्ड्सची जगभरात मिळून जेवढी दुकानं होती, त्याच्या दुपटीहून जास्त. देशाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्याही आत, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी.

त्याच अहवालात दुसरा आकडा होता. २०१८मध्ये सुमारे ६,२०० नवी दुकानं उघडली आणि ८,४०० बंद पडली. २०१५पासून दरवर्षी उघडणाऱ्यांपेक्षा बंद पडणारी जास्त होती. आणि हे कोविडच्या आधीचं चित्र.

तरी नवे लोक येत राहतात, कारण मूळ प्रश्न तसाच आहे. कायद्यानं निवृत्तीचं वय ६० असलं तरी बरेच लोक पन्नाशीच्या आसपासच मुख्य नोकरीतून बाहेर पडतात. सरकारी पेन्शन सध्या ६३व्या वर्षी सुरू होतं आणि २०३३पर्यंत हे वय ६५वर जाणार आहे. मधली दहा-बारा वर्षं खायचं काय? कोरियन इंटरनेटवर एक जुना विनोद फिरतो. आर्ट्स घ्या, सायन्स घ्या, कंपनीचे संचालक व्हा नाहीतर बेरोजगार राहा, सगळ्या बाणांचं टोक शेवटी एकाच चौकटीत जातं, चिकनचं दुकान. हसायला येतं, पण तिथले इंजिनिअर हा विनोद फार हसून सांगत नाहीत.

राष्ट्रीय कर विभागाच्या आकडेवारीनुसार २०२४मध्ये कोरियात सगळ्या प्रकारचे मिळून १० लाखांहून जास्त व्यवसाय बंद झाले. हा आकडा पहिल्यांदाच दहा लाखांच्या पुढे गेला.

२३ हजार वॉनचं चिकन, पण पैसे जातात कुठे?

बीबीक्यू या मोठ्या ब्रँडनं जून २०२४मध्ये आपल्या सर्वांत प्रसिद्ध चिकनची किंमत २० हजारांवरून २३ हजार वॉन केली, म्हणजे साधारण १,४०० रुपये. एवढी किंमत घेऊनही दुकानदार रडतो, यावर ग्राहकाचा विश्वास बसत नाही. म्हणून हिशेब बघू.

बहुतेक ऑर्डर ॲपवरून येतात. तिथलं सर्वांत मोठं ॲप आहे 'बेदाल मिंजोक', मालक जर्मनीची डिलिव्हरी हिरो कंपनी. ऑगस्ट २०२४मध्ये या ॲपनं कमिशन ६.८वरून ९.८ टक्के केलं. दुकानदार भडकले, सरकार मध्ये पडलं, आणि नोव्हेंबरमध्ये तोडगा निघाला तो असा, की ज्याची विक्री जास्त त्याला ७.८ टक्के, ज्याची सर्वांत कमी त्याला २ टक्के. पण जास्त विक्रीवाल्याकडून डिलिव्हरीचे ३,४०० वॉनपर्यंत वेगळे घ्यायची मुभाही मिळाली. म्हणजे चांगला धंदा करणाऱ्या दुकानदाराच्या २३ हजारांतून कमिशनचे सुमारे १,८०० आणि डिलिव्हरीचे ३,४००, असे पाच हजारांहून जास्त वॉन फक्त ॲपकडे जाऊ शकतात. त्यानंतर कोंबडी, तेल, सॉस, डबा (हे बहुतेक सगळं मूळ कंपनीकडूनच घ्यायचं, तिच्याच दरानं), भाडं, वीज आणि मजुरी. म्हणून २०२५मध्ये काही साखळ्यांनी दुकानात एक दर आणि ॲपवर दुसरा दर लावायला सुरुवात केली.

कोंबडीचे भावही नेहमी सरळ मार्गानं ठरत नव्हते. मार्च २०२२मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशननं १६ पोल्ट्री कंपन्यांना मिळून १७,५८० कोटी वॉनचा, म्हणजे साधारण ११०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या कंपन्या २००५ ते २०१७ या काळात संगनमतानं कोंबडीचे भाव आणि पुरवठा ठरवत होत्या, असा ठपका होता. मे २०२५मध्ये ब्राझीलच्या एका पोल्ट्री फार्ममध्ये बर्ड फ्लू सापडला आणि कोरियानं तिथली आयात काही काळ थांबवली. बोनलेस चिकन विकणाऱ्या अनेक दुकानांचं मांस ब्राझीलहून येतं. हजारो किलोमीटरवरची कोंबडी शिंकली आणि सेऊलमधल्या दुकानदाराला सर्दी झाली, असा प्रकार.

वजन कमी, किंमत तीच

सप्टेंबर २०२५मध्ये क्योचोननं काही बोनलेस चिकनचं वजन ७०० ग्रॅमवरून ५०० ग्रॅमवर आणलं. किंमत तीच. मांडीच्या मांसात स्वस्त ब्रेस्टही मिसळलं. लोकांनी सोशल मीडियावर कंपनीला धुतलं. ऑक्टोबरमध्ये संसदेच्या समितीसमोर कंपनीच्या प्रमुखांना उत्तरं द्यावी लागली आणि शेवटी जुनं वजन परत आणावं लागलं.

विषय तिथे थांबला नाही. सरकारनं नियमच काढला, की १५ डिसेंबर २०२५पासून १० मोठ्या चिकन साखळ्यांनी मेनूवर आणि ॲपवर शिजवण्यापूर्वीचं वजन लिहायचं. १२ हजारांहून जास्त दुकानं यात येतात. मेनू बदलायला जून २०२६ अखेरपर्यंत मुदत, त्यानंतर कारवाई. आपल्याकडे बिस्किटाचा पुडा गपचूप हलका होतो तेव्हा निदान त्यावर ग्रॅम छापलेले असतात. चिकनच्या डब्यावर तेही नव्हतं.

स्वस्त चिकन मिळतच नाही असं नाही. २०१०च्या डिसेंबरमध्ये लोट्टे मार्टनं ५ हजार वॉनला चिकन काढलं होतं, पण छोट्या दुकानदारांच्या पोटावर पाय येतोय म्हणून एवढी ओरड झाली, की आठवड्याभरात ते बंद करावं लागलं. २०२२मध्ये होमप्लस या दुसऱ्या सुपरमार्केटनं ६,९९० वॉनला चिकन काढलं, तेव्हा मात्र लोक रांगा लावून घेऊन गेले आणि दुकानदारांच्या बाजूनं बोलणारे फारसे उरले नव्हते. बारा वर्षांत ग्राहकाची सहानुभूती कुठून कुठे गेली ते या दोन प्रसंगांतून कळतं, आणि त्यात एकट्या ग्राहकाला दोष देणं बरोबर नाही. ज्या वाढीतला छोटा वाटाही दुकानदाराकडे राहत नव्हता, तिचा राग मात्र त्याच्यावर निघाला.

जायचंच असेल तर कुठे?

कानबू चिकनच्या त्या शाखेत त्या तिघांच्या टेबलावर बसायला आता लोक येतात. फोटो हवा असेल तर जा, चिकनसाठी मुद्दाम जायची गरज नाही.

सेऊलमध्ये सगळ्यात चांगली जागा म्हणजे हान नदीचा काठ. योइदो किंवा बानपोच्या बागेत चटई अंथरायची आणि ऑर्डर द्यायची. योइदोच्या बागेत डिलिव्हरी घ्यायची ठरलेली जागाच आहे, तिथे जाऊन डबा घ्यायचा. जेवणासोबत बिअरही मागवता येते, पण दारूची किंमत जेवणाच्या किमतीपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. थोडक्यात, चिकनच्या नावाखाली नुसती दारू मागवता येत नाही. वयाचा पुरावाही दाखवावा लागू शकतो.

सेऊलच्या दक्षिणेला सुवॉन आहे. तिथल्या ह्वासॉंग किल्ल्याजवळ चिकनची एक अख्खी गल्ली आहे. मोठ्या लोखंडी कढईत अख्खी कोंबडी तळतात, सॉसचा फारसा थाट नाही. २०१९मध्ये आलेल्या 'एक्स्ट्रीम जॉब' या सिनेमात पोलीस गुन्हेगारांवर पाळत ठेवण्यासाठी चिकनचं दुकान टाकतात आणि धंदाच जोरात चालतो. त्यांच्या दुकानात विकली जाणारी डिश सुवॉनच्या नावाची होती. सिनेमा दीड कोटीहून जास्त लोकांनी थिएटरमध्ये पाहिला आणि या गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

देगूत २०१३पासून उन्हाळ्यात चिमेक महोत्सव भरतो, मुख्य जागा दुर्यू पार्क. देगू हे कोरियातल्या सगळ्यात उकाड्याच्या शहरांपैकी एक, त्यामुळे बिअर लागतेच.

पुण्याच्या आसपास रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई असल्यामुळे कोरियन कुटुंबं राहतात आणि त्यांच्यासाठी चालणारी कोरियन हॉटेलंही आहेत. तिथे विचारायचं ते एवढंच, की चिकन ऑर्डर आल्यावर तळता की आधीच तळून ठेवलेलं असतं.

आणि सेऊलमध्ये असाल, तर ॲपऐवजी दुकानात जाऊन बसा किंवा पार्सल स्वतः घेऊन या. बऱ्याच दुकानांत स्वतः नेणाऱ्याला सूट मिळते. ॲपच वापरायचं तर शिनहान बँकेचं 'तेंग्योयो' आहे, ते दुकानदाराकडून फक्त २ टक्के कमिशन घेतं.